जपानी धाटणीची बैठकीची खोली: दिवे किती, कुठे आणि कुठे नकोत?

पानगळ

नमस्कार मंडळी. घराचं काम सुरू आहे आणि बैठकीची खोली जपानी धाटणीची करायची यावर (बऱ्याच भांडणांनंतर) घरात एकमत झालंय. खोली ४ मीटर बाय ५ मीटर, छत २.७ मीटरवर. एका बाजूला २५ सेंमी उंचीचा ओटा, त्यावर ततामी (जाड जपानी गवती चटया) आणि बुटकं टेबल, म्हणजे बसणं खालीच. एका भिंतीला सरकती शोजी (लाकडी चौकटीला कागद लावलेलं दार), तिच्यामागे खिडकी. लाकूड फिकट, भिंती मातकट रंगाच्या.

इंटिरियरवाल्यांनी दिव्यांचा आराखडा पाठवलाय. फॉल्स सिलिंगमध्ये ९ वॅटचे १२ डाउनलाइट, कडेने एलईडी पट्टी आणि मधोमध एक मोठा गोल कागदी कंदील. संगणकावरच्या चित्रात देखणं दिसतं, पण मला काहीतरी खटकतंय आणि काय ते बोटाने दाखवता येत नाही. नवरा म्हणतो, "दिवे जास्त असले म्हणून बिघडलं कुठे? बटणं आहेत ना, नको ते बंद ठेव."

बारा खरंच लागतात का? उजेड पिवळा घ्यावा की पांढऱ्याकडे झुकणारा? कागद खरा वाशी (जपानी हातकागद) घ्यावा की त्यासारखं दिसणारं प्लास्टिक? आणि शोजीच्या मागे पट्टी लावली तर छान दिसेल का? वायरिंग पुढच्या आठवड्यात आहे, त्यानंतर छत बंद होणार.

उगाच_एक

बारा डाउनलाइट? बैठकीची खोली आहे की दागिन्यांचं दुकान?

चौकट

पानगळ, तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. सांगते.

पारंपरिक जपानी घरात दिवसा उजेड कुठून येतो ते आधी बघा. छपराच्या वळचणी खूप पुढे आलेल्या, त्यानंतर एंगावा म्हणजे लाकडी पडवी, मग शोजी. ऊन थेट आत येतच नाही. ते अंगणातल्या जमिनीवर पडतं, तिथून उसळून पडवीवर, मग कागदातून गाळून खोलीत आडवं शिरतं आणि ततामीवर पसरतं. म्हणजे जमीन उजळ, भिंतींचा खालचा भाग त्याहून कमी आणि छत सगळ्यात काळोखं. रात्रीही तेच. आंदोन म्हणजे लाकडी चौकटीला कागद लावलेला तेलाचा दिवा, तो जमिनीवरच ठेवायचे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) तेल बहुधा सरसूच्या जातीच्या बियांचं, आणि ते परवडत नसेल तर माशाचं.

तुमच्या आराखड्यात हे सगळं उलटं झालंय. उजेडाचा उगम छतात, आणि माणसं जमिनीवर. खाली बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून जेमतेम ७५-८० सेंमीवर असतात. तिथून मान जरा वर केली की बाराच्या बारा भोकं डोळ्यात घुसतात. सोफ्यावर बसणाऱ्याला जे चालून जातं ते जमिनीवर बसणाऱ्याला टोचतं.

आता हिशेब. ९ वॅटचा एक दिवा सुमारे ८५० ल्युमेन (दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप), बारांचे झाले दहा हजारांवर. खोली २० चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन. भिंतींनी थोडे गिळले तरी ३०० लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) कुठे गेले नाहीत. खुद्द जपानच्या प्रकाशाच्या मानकात (जेआयएस झेड ९११०) घरातल्या बैठकीच्या खोलीला सर्वसाधारण उजेड ५० लक्स धरलाय, मंडळी गप्पा मारत बसतात तिथे २०० आणि वाचायच्या जागी ५००. एकाच खोलीत तीन वेगळे आकडे, हे लक्षात घ्या. सगळीकडे सारखा उजेड त्यांच्या मनातच नाही.

म्हणून दिवे मोजण्याआधी कागदावर खोली काढा आणि कुठे अंधार ठेवायचा ते पेन्सिलीने काळं करा. छत पूर्ण काळं. कोपऱ्यांपैकी किमान दोन काळे. उरेल तिथे दिवा.

उगाच_एक

आणि अंधारात ओट्याच्या कडेला करंगळी आपटली की कुठल्या मानकाकडे दाद मागायची?

चौकट

हा प्रश्न मात्र खरा आहे. ओट्याच्या कडेखाली, पुढे आलेल्या फळीच्या आत लपेल अशी बारीक पट्टी लावा. उजेड फक्त जमिनीवर सांडतो, ओटा तरंगल्यासारखा दिसतो आणि करंगळी वाचते.

वायरमन_दादा

मी हेच काम करतो म्हणून लिहितो. ताई, दिवे कमी करा पण तारा कमी करू नका. छत एकदा बंद झालं की नंतर छिन्नी-हातोडा आला. मधल्या कंदिलासाठी एक पॉइंट, दाराजवळ दोन डाउनलाइट (झाडलोट करताना, काही हरवलं तर), बाकी सगळा भर खालच्या सॉकेटवर द्या. ओट्याच्या दोन कोपऱ्यांत, शोजीच्या दोन्ही टोकांना, आणि वाचायची जागा असेल तिथे. हे सॉकेट दाराजवळच्या बटणावर घ्या, नाहीतर रोज रात्री वाकून वाकून पाच दिवे बंद करावे लागतील आणि आठ दिवसांत कंटाळून सगळे छतातलेच लावाल. असं झालेलं डोळ्यांनी पाहिलंय.

डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) घेणार असाल तर त्यावरचा किमान भार वाचा. जुन्या पद्धतीचे डिमर जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बांसाठी केलेले, त्यांना ४० वॅट तरी लागतात. त्यावर ५ वॅटचा एकच एलईडी लावला की तो लुकलुकतो नाहीतर गुणगुणतो. डिमर एलईडीचा हवा आणि बल्बवरही डिमेबल लिहिलेलं हवं. दोन्ही.

दूरदेशी

जपानमध्ये सहा वर्षं भाड्याच्या घरात राहून आलोय. तुमचा थोडा भ्रमनिरास करतो.

आम्ही बघितलेल्या बहुतेक घरांत छताच्या मधोमध एक चपटा गोल दिवा असायचा, दुधी झाकणाचा, पांढराफटक उजेड, रिमोटवर चालणारा. तो दुकानात ततामीच्या संख्येवर मिळतो, सहा चटयांच्या खोलीचा, आठ चटयांच्या खोलीचा वगैरे. छतात त्यासाठी एक ठरावीक सॉकेट असतं, दिवा वर टेकवून पिळला की बसतो, इलेक्ट्रिशियन लागत नाही. भाडेकरू घर सोडताना आपला दिवा काढून घेऊन जातो. आम्ही पहिल्या रात्री रिकाम्या घरात पोहोचलो तेव्हा एकाही खोलीत दिवा नव्हता! मोबाइलच्या उजेडात जेवलो.

जुन्या दिव्यांना दोरी असायची. एकदा ओढली की पूर्ण उजेड, पुन्हा ओढली की अर्धा, मग एक नखाएवढा केशरी बल्ब, मग अंधार. त्या केशरी बल्बला मामेक्यू म्हणतात, मामे म्हणजे दाणा. जमिनीवर फुतोनमध्ये (जपानी गादीत) पडल्या पडल्या हात पोहोचावा म्हणून लोक त्या दोरीला आणखी दोरी बांधून खालपर्यंत आणतात. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जपानी वाटलेली प्रकाशयोजना ती.

सांगायचा मुद्दा, आपण ज्याला जपानी उजेड म्हणतो तो जुन्या घरांचा, सरायांचा आणि चहाच्या खोल्यांचा आहे. त्यात वाईट काही नाही, पण आपण कशाची नक्कल करतोय ते माहीत असावं.

काजळी

दूरदेशी, छान लिहिलंय. या विषयावरचा जपानी लेखक तानिझाकींचा १९३३ सालचा निबंध प्रसिद्ध आहे आणि सगळे त्यातल्या सावल्यांबद्दल बोलतात. पण सुरुवातच कशाने होते, तर जपानी पद्धतीचं घर बांधणाऱ्याला विजेच्या तारा आणि गॅसच्या नळ्या कुठे लपवायच्या ही डोकेदुखी कशी होते, त्याने! पानगळ, तुमचा धागा नव्वदेक वर्षं जुना आहे.

त्यातली एक गोष्ट इथे कामाची. सोन्याची नक्षी असलेली लाखेची भांडी भर उजेडात भडक दिसतात, ती मिणमिणत्या दिव्यात बघायची असतात. तुमच्या त्या काळ्या कोपऱ्यांपैकी एकात अशी किंचित चमक असलेली एकच वस्तू ठेवा, पितळी म्हणा किंवा काचेसारखं झिलईचं मडकं. दूरच्या दिव्याची तिरीप तिच्यावर पडली की अंधार रिकामा वाटत नाही. अंधारात बघायला काहीतरी लागतं.

पानगळ

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. चौकटताई, तुमचा काळ्या पेन्सिलीचा प्रयोग केला. नवऱ्याने छत काळं करू दिलं, पण सासूबाई मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "आणि मी पेपर कुठे वाचू, अंगणात?" त्या ७२ वर्षांच्या आहेत आणि ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतात.

चौकट

त्यांचं बरोबर आहे, आणि माझी चूक झाली, हे आधीच विचारायला हवं होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. तरण्या डोळ्यांनी आखलेला मंद उजेड घरातल्या थोरांना शिक्षा होतो.

पण याचं उत्तर सगळी खोली उजळवणं हे नाही. त्यांच्या कोपऱ्यात खांद्यामागून येणारा वाचनाचा दिवा द्या, ४५० ते ५०० ल्युमेनचा, अपारदर्शक टोपी असलेला, मान वळवता येणारा. टोपीची खालची कड त्यांच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली येऊ द्या, म्हणजे बल्ब त्यांनाही दिसणार नाही आणि समोर बसणाऱ्यालाही नाही. बटण त्यांच्या हाताशी. आणि वाचताना जवळचा आंदोनही चालू ठेवायचा. लख्ख पानावरून नजर उचलली की समोर मिट्ट काळोख, याने डोळे जास्त शिणतात.

टिकली

कंदिलाच्या उंचीबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही छताला लगटून टांगला आणि दोन वर्षं तो उगाच चंद्रासारखा वर लटकत होता, खाली टेबलावर काही पोहोचत नव्हतं. मग तार सोडून खाली आणला. खाली बसायचं असेल तर तो खालीच हवा. टेबलाच्या वर ६० ते ७० सेंमी. तुमचा हिशेब: ओटा २५, बुटकं टेबल ३५, वर ६५, म्हणजे कंदिलाचं बूड जमिनीपासून सव्वा मीटरवर. बघताना भयंकर खाली वाटेल. गवंडी, सुतार, वायरमन सगळे म्हणतील "डोकं आपटेल." टेबल तिथून हलणार नसेल तर नाही आपटत, कारण टेबलावरून कुणी चालत नाही. टेबल हलतं असेल तर मात्र आपटेल. आमच्याकडे पाहुण्यांचं आपटलं.

आणि बूड उघडं असलेला घेऊ नका. खाली बसणाऱ्याला त्या भोकातून सरळ बल्ब दिसतो.

वायरमन_दादा

+१. तार दीड मीटर जादा सोडून वर गुंडाळून ठेवा. उंची बसून ठरवायची, उभं राहून नाही.

कागदकाम

पानगळ यांच्या तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, आणि तोच माझा जिव्हाळ्याचा. 

पहिलं म्हणजे याला राइस पेपर म्हणणं सोडा. तांदळाचा काही संबंध नाही. वाशी मुख्यतः कोझोच्या सालीचा, म्हणजे तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीचा. धागे लांब, म्हणून कागद पातळ असूनही चिवट. २०१४ साली युनेस्कोच्या यादीत जपानच्या तीन ठिकाणच्या हातकागदाची कला घेतली, त्यातला एक मिनोचा. मिनो गिफू प्रांतात आहे आणि घडीचे कागदी कंदील, चोचिन, हीही गिफूचीच ख्याती. कागद आणि बांबू दोन्ही हाताशी.

तिथेच १९५१ मध्ये इसामु नोगुची हे शिल्पकार गेले, नदीवरच्या कंदिलांच्या उजेडातली पाणकावळ्यांची मासेमारी पाहिली, कंदिलाचा कारखाना पाहिला आणि त्यातून त्यांची आकारी ही दिव्यांची मालिका सुरू झाली. आकारी म्हणजे उजेड. ते आयुष्यभर नवनवे आकार काढत राहिले, दोनशेच्या वर झाले. आज कुठल्याही फर्निचरच्या दुकानात जो गोल कागदी कंदील दिसतो तो याच्याच दूरच्या नात्यातला.

बनवतात कसे ते सांगायचा मोह आवरत नाही. लाकडी पाकळ्यांचा साचा जोडून उभा करतात, त्याच्या खाचांवरून बांबूची बारीक काडी मळसूत्रासारखी गुंडाळत नेतात, वरून कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवतात. वाळल्यावर आतला साचा सुटा करून तोंडातून एकेक पाकळी बाहेर काढायची. राहतो तो फक्त कागद आणि काडी, दाबला की चपटा होतो.

खरा-खोटा ओळखायचा तर दिव्यासमोर धरा. वाशीत धागे इकडेतिकडे पळताना दिसतात, कुठे ढगासारखा दाट, कुठे विरळ. प्लास्टिकवर छापलेले धागे नीट बघितलं तर ठरावीक अंतराने पुन्हा तेच येतात. कुठे तुकडा मिळाला तर फाडून बघा, खऱ्याच्या कडेला लांब केस सुटतात.

मात्र प्लास्टिकचा थर दिलेला वाशीही मिळतो, दोन्ही बाजूंनी पारदर्शक थर आणि मध्ये कागद. लहान मुलं, मांजर, ओली जागा असेल तर शोजीला तोच घ्या, यात कमीपणा काही नाही. कंदिलाला मात्र साधा कागदच. थराला चकाकी येते आणि उजेड कागदात मुरायच्या ऐवजी वरून घसरतो.

साफसफाई: मऊ कुंचला किंवा पिसांचा झटकणा, ओलं फडकं कधीच नाही. कंदिलावर लिहिलेली वॅटची मर्यादा एलईडी असला तरी पाळा आणि बल्ब बरोबर मध्ये टांगलाय ना ते बघा. एका बाजूला झुकला की तिथेच भगभगीत डाग दिसतो.

नवखा_०७

वाचतोय. ते पांढरे फुग्यासारखे बबल लॅम्प पण जपानीच ना?

कागदकाम

नाही. ते अमेरिकेतल्या जॉर्ज नेल्सन यांचे, १९५२ च्या सुमाराचे. तारेच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा फवारा. शोभतात, पण कागद नव्हे.

दूरदेशी

अवांतर पण महत्त्वाचं: कुणी तिकडून दिवा आणणार असेल तर सावधान. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट. तिथला बल्ब २३० वर लावलात तर फट्. होल्डर ई-२६ मापाचा (आटे २६ मिमी रुंद) आहे आणि आपला ई-२७ बल्ब त्यात बऱ्याचदा बसतोही, म्हणून लोक फसतात. पण तो होल्डर आणि ती तार जास्त व्होल्टेजसाठी केलेली नसते. फक्त कागदी शेड आणा, बाकी सगळं इथलं लावा.

चौकट

उजेडाच्या रंगाचं राहिलंच. २७०० केल्विन (उबदार पिवळसर; आकडा वाढला की उजेड पांढरा होत जातो) घ्या, सगळीकडे तेच. कागद स्वतः उजेडाला आणखी थोडा पिवळा करतो, त्यामुळे २२०० वाले मेणबत्तीछाप बल्ब कागदात घातले तर मातकट भिंती गढूळ दिसतील.

पण केल्विनपेक्षा बल्बच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, १०० पैकी) किती लिहिलाय ते बघा. ९० च्या वर हवा. सुताराकडून तुमच्याच लाकडाचा एक तुकडा आणा. दोन बल्ब घ्या, दोन्ही २७००, एक ८० सीआरआयचा, एक ९० च्या वरचा. अंधाऱ्या खोलीत तुकडा आळीपाळीने दोघांखाली धरा आणि शेजारी स्वतःचा तळहात. मी केलं तेव्हा पहिल्याखाली लाकूड पुठ्ठ्यासारखं दिसलं आणि हात आजाऱ्याचा. दुसऱ्याखाली लाकडाच्या रेषांमधला तांबूसपणा वर आला. फिकट लाकूड, ततामीचा हिरवट-सोनेरी रंग, माती: तुमच्या खोलीत याशिवाय दुसरे रंगच नाहीत. तेच मेले तर उरलं काय?

शोजीमागच्या पट्टीबद्दल माझं मत: नको. मागे खिडकी आहे, म्हणजे दिवसा पट्टीची सावली कागदावर दिसणार. रात्री कागदाला जवळ लावली तर ठिपके ठिपके दिसणार. लावायचीच असेल तर दुधी झाकणाच्या पन्हळीत, कागदापासून १५ सेंमी तरी लांब, आणि तोंड कागदाकडे नाही, मागच्या पांढऱ्या पडद्याकडे.

टिकली

आमच्याकडे आहे शोजीमागे उजेड. एके रात्री कागदावर पालीची सावली आली, हातभर लांब. जीव घेऊन पळालो सगळे. पाल असेल चार बोटं. तेव्हापासून ती पट्टी बंद आहे.

उगाच_एक

याला म्हणतात सावल्यांचं सौंदर्य.

पानगळ

सहा आठवड्यांनी हिशेब द्यायला आले.

बाराचे दोन झाले, दाराजवळ. कडेची पट्टी रद्द. इंटिरियरवाले आधी रुसले, मग ९० सीआरआयचा प्रयोग त्यांच्याच समोर केला तेव्हा त्यांनी तळहात तीनदा उलटसुलट करून पाहिला आणि बल्बचा नंबर लिहून घेतला.

कंदील ५० सेंमी व्यासाचा, बंद बुडाचा, आत ८०० ल्युमेनचा बल्ब. उंची बसून ठरवली. वायरिंगवाले "ताई, नक्की?" असं चार वेळा म्हणाले. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात सुताराकडून केलेला आंदोन, ३०० ल्युमेनचा. तिसरा कोपरा काळा ठेवला आणि तिथे आजीचा पितळी तांब्या. काजळी, तुम्ही म्हणालात तशी एक रेघ उमटते त्याच्या काठावर, फक्त आंदोन चालू असताना. कंदील लावला की जाते.

चुकलं ते सांगते. आंदोनचा कागद मी उत्साहात जाड घेतला, उजेड अगदीच कोंडला. पुन्हा पातळ लावावा लागला. कंदिलाचा डिमर मंद केला की गुणगुणतो. आणि पहिले चार दिवस खोली खरंच अंधारी वाटली, नवरा रोज दाराजवळचे दोन्ही लावून बसायचा. पाचव्या दिवसापासून लावत नाही. मी विचारलेलं नाही.

सासूबाईंचा दिवा सगळ्यात आधी बसला. आता त्या कोपऱ्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही.

वायरमन_दादा

डिमरवर किमान किती वॅट लिहिलंय? बल्ब ८-९ वॅटचा असणार. फोटो टाका. बहुतेक डिमरच्या बाजूला बारीक स्क्रू असतो, त्याने सगळ्यात खालची पातळी थोडी वर घ्या, गुणगुण जाईल. नाही गेली तर बल्ब बदलून बघा, डिमर नंतर.

पानगळ

किमान ५ वॅट लिहिलंय, बल्ब ८.५ चा. स्क्रू सापडला, थोडा फिरवला, आवाज गेला! आभार.

दूरदेशी, तुमची दोरीही केली. सासूबाईंच्या दिव्याला ओढायचं बटण होतं, त्याला सुती दोरी जोडून ततामीपर्यंत आणली. आडवं पडून बंद करता येतो. फक्त मांजर तिच्या मागे लागलंय आणि पहाटे चार वाजता दिवा लागतो.